तेल वाढलंय

४ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखून पाकीट फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न नाही, आणि 'झालं गेलं विसर' असं तुला सांगायला कुणी मला पुढे केलेलं नाही. मी पिंप लिहितोय. हे नाव तूच ठेवलंस, मी सहावीत असताना. आता ते मला असं शोभतं की जन्मदाखल्यावरच का नाही घातलं, असं वाटतं.

तुझा फोन नंबर बदललाय. पत्ता मावशीकडून काढला. 'माझं नाव सांगू नकोस हं,' असं तिनं बजावलं होतं. सांगून टाकलं. माझ्या पोटात अन्न सोडून काही राहत नाही, तुला माहीत आहे.

घरी आलोय. चांगली लांब रजा टाकून. कारण ऐकलंस तर हसशील: वजन उतरवायला. दुरुस्तीला मी लिफ्टच्या टपावर चढलो की पाटीवर लिहिलेल्या सहा माणसांतली दोन मीच, असं आमचे साहेब म्हणतात. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला पथ्यपाणी सांगणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बाईंनी कागद दिला. तेल नाही, लोणी नाही, साखर नाही, तळलेलं नाही, रात्री भात नाही. कागद संपला तरी 'नाही' संपेना. मी म्हटलं, मी घरी जाणार आहे, आईकडे. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, 'सांभाळा. बाहेर खाणारी माणसं ताळ्यावर येतात हो. आईकडे जेवणाऱ्यांचं कठीण असतं.'

मी काय, हसण्यावारी नेलं.

आईला कागद दाखवला तर तिनं तो चष्मा न लावताच वाचला. 'म्हणजे माझ्या हातचं आता विष झालं का?' म्हटलं, अगं, तुझ्या हातचंच खाणार आहे, फक्त तेल नको. 'तेल नको, साखर नको, मग काय नुसता हात चाटणार?' त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उठतो तर कागद स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेला आणि आई पदर खोचून उभी. 'तू भांड्यांना हात लावायचा नाहीस. मी करते सगळं. तू फक्त जेवायचं आणि चालायला जायचं.' इतकी लवकर कशी काय वळली कुणास ठाऊक. मला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

आता रोज दुपारी आणि रात्री सूप. भाज्या उकडते, मिक्सरमधून काढते. स्वयंपाकघराचं दार लावून घेते, मिक्सरच्या आवाजानं बाबांची झोप मोडते म्हणून.

घर तसंच आहे. दोन जिने, लिफ्ट नाही, म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान. न्हाणीघराचा नळ अजून दोनदा शिंकतो आणि मग पाणी सोडतो. पहिल्याच दिवशी मी आतून ओरडलो, 'आई, साबण संपला,' तर आई दाराशी येऊन म्हणाली, 'असं बोलू नये, किती वेळा सांगायचं?' आता साबण संपल्यावर काय बोलायचं?

बाबा जरा थकलेत. बाकी ठीक.

उत्तर दे असं म्हणत नाही. देऊ नकोस असंही म्हणत नाही.

पिंप

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पोस्टमन दिसला की उगाच गॅलरीत जातो, एवढंच.

माझा काटा मी बरोबर आणलाय. त्यावर रोज उभा राहतो आणि रोज शिव्या घालतो. वजन उतरायचं सोडून चढलंय. विश्वास ठेव, मी चोरून एक बिस्किटसुद्धा खाल्लेलं नाही. सकाळ-संध्याकाळ चालतो, बाबा ज्या मोकळ्या मैदानात गाडी शिकवायचे तिथपर्यंत जाऊन येतो. तिथे आता पत्र्याची गोदामं झालीत. शर्ट पिळून काढावा इतका घाम येतो. आणि काटा म्हणतो, तू आपला पिंपच.

तरी मी आईला म्हटलं, सूप फार चविष्ट होतंय गं, पथ्याचं असं लागतं का कधी? म्हणाली, 'भूक लागली की सगळंच गोड लागतं.' वाटी मला धुऊ देत नाही. शेवटचा घोट घेतला की हातातून काढून नेते, गरम पाण्यात घालते.

परवा जेवताना मात्र आतून आवाज आला, 'तेल वाढलंय रे.' बघ, माणूस किती सरळ! हात सैल सुटला होता तर स्वतःच कबूल केलं. मी म्हटलं, 'मग कमी कर की.' ती बाहेर आली, पळी हातात तशीच, आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, 'बरं.' दुसऱ्या दिवशी ओट्याखाली तेलाचा नवा डबा दिसला, पण तिनं कमी करते म्हटलंय, तर मी कशाला नाक खुपसू.

आता दुसरं. बाबा 'जरा थकलेत' हे मी जरा कमीच लिहिलं होतं. बाबांचं लिव्हर गेलंय. डोळे पिवळे झालेत, हात काटक्यांसारखे आणि पोट माझ्यापेक्षा मोठं, पाण्यानं. आपण दोघं शेजारी बसलो तर आजारी कोण ते कळणार नाही, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले. दात तेवढे अजून पांढरे आहेत.

तू म्हणशील, पिऊन घालवलं, आता काय. म्हण. मी तोंड धरणार नाही. तू मागच्या सीटवर होतीस. गाडी शिकणारी ती मुलगी पुढे, बाबा तिच्या शेजारी, पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक, आणि तो दाबायची शुद्ध त्यांना नव्हती. फळवाल्याचा पाय गेला. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, ब्रेक लागला नाही. तू म्हणालीस, बाबा प्यायले होते. लायसन्स गेलं, गाडी शिकवायची शाळा गेली, आणि त्या दिवसापासून बाबा लोकांना सांगायला लागले, मला एकच मुलगा. आई तेव्हा काही बोलली नाही. त्या रात्री तिनं चौघांची ताटं मांडली, आणि तू बॅग घेऊन जिना उतरलीस तेव्हा ती तुझ्या ताटाकडे बघत उभी होती. मी जेवलो. मला तेव्हाही भूक लागायची.

त्यानंतर बाबांनी दारूला हात लावला नाही. तुला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहितोय. उशीर झाला होता, हे खरं. पण सोडली.

पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय अजून हलतो. कुणी जोरात दार आपटलं की ब्रेक दाबतात.

पिंप

२१ फेब्रुवारी

ताई,

आता सगळं सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील, पिंपानं गोड बोलून फसवलं.

मी वजन माझ्यासाठी उतरवत नाहीये. मी बाबांना माझ्या लिव्हरचा तुकडा देणार आहे. रक्त जुळलं. डॉक्टर म्हणाले, माणसाचं लिव्हर कापलं तरी परत भरून येतं, तुमचंही येईल. फक्त तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. असंच कापलं तर तुमच्याही जिवाला धोका आणि त्यांनाही उपयोग नाही. पथ्य पाळा, चरबी उतरवा, मार्चच्या सुरुवातीला पुन्हा तपासू. उतरली तर लगेच ऑपरेशन. बाबांना फार थांबता येणार नाही, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

म्हणजे मी जे चमच्यानं तोंडात घालतो त्यावर बाबा जगणार की नाही ते ठरणार आहे. आता कळलं, काट्याला शिव्या का घालतो ते?

डॉक्टरांनी हेही विचारलं होतं, 'आणखी कुणी मुलं?' पलंगावरून बाबा म्हणाले, 'एकच.' मी माझ्या बुटांकडे बघितलं. आई पिशवीत काहीतरी शोधत होती.

वजन आणखी चढलंय. पथ्यवाल्या बाईंना फोन केला. 'तुम्ही काय खाताय ते मला नाही, स्वतःला तरी खरं सांगा,' म्हणाल्या. इतका राग आला! पण मग मलाच वाटायला लागलं की मी झोपेत उठून खातो की काय. तू माझ्या खोलीला कडी घालायचीस लहानपणी, फ्रिज वाचवायला. आठवतं?

रागाच्या भरात आईला म्हटलं, उद्यापासून मी माझं उकडून घेतो. तिनं काही वाद घातला नाही. नुसती ओट्याला टेकून उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावला. 'एवढं एकच करता येतं मला तुझ्यासाठी.' संपलं. पुन्हा सूप. आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून कुणी पथ्य पाळलंय का आजवर?

बाबांची एक गोष्ट बरी झालीय. डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं, लिव्हर रक्त साफ करत नाही, मग घाण डोक्यात चढते, माणूस गुंगतो, बरळतो. त्यासाठी गोळ्या आहेत, रोजच्या, एक दिवस चुकता कामा नये. आणि गरज पडली तर डोस वाढवू. परवा सकाळी मी जिन्यात बूट घालत होतो, आई दारात येऊन हळूच म्हणाली, 'यांच्या गोळ्या वाढल्यात रे.' मी म्हटलं, 'बरं झालं.' खरंच बरं वाटलं, कुणीतरी लक्ष ठेवून आहे म्हणून. आई जागची हलली नाही. मग दोन पायऱ्या उतरून आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. किती वर्षांनी, ताई! मला तिथेच भरून आलं. बुटाची नाडी तशीच सोडून निघालो, नाहीतर तिच्यासमोर रडलो असतो.

हॉस्पिटलच्या बाईंचा फोन आला होता. त्यांनाही सांगितलं, गोळ्या वाढल्यात. 'बरं, लिहून ठेवते,' म्हणाल्या.

डोस जरा जास्तच होतोय बहुतेक. बाबा दिवसभर झोपतात. काल जेवताना चमचा तोंडाशी नेता नेता विसरले. आणि झोपेत बोलतात. 'क्लच हळू सोड, पोरी. घाई नाही.' पोरी ते फक्त तुलाच म्हणायचे. मला गाढवा.

ये असं म्हणत नाही. नुसतं कळवतोय.

पिंप

२ मार्च

ताई,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. कागद मांडीवर धरलाय, तेव्हा अक्षर लावून घे.

काल दुपारी आई मावशीकडे गेली होती. सूप झाकून ठेवलेलं होतं. प्यालो, आणि वाटी मीच धुवायला घेतली. गरम पाणी कुठून आणणार, नळाखाली धरली. पाणी वाटीला लागेचना. थेंब होऊन पळायला लागलं. बोटं सुळसुळीत. ताई, माझं सगळं आयुष्य ग्रीसमध्ये गेलंय. लिफ्टच्या रुळाला बोट लावून मी सांगतो, तेल किती दिवसांचं आहे. त्या वाटीत उकडलेली भाजी नव्हती, वंगण होतं.

तरी मी काय केलं असेल? मनाची समजूत घातली. म्हटलं, वाटी आधीची असेल. आईवर संशय घ्यायला जीभच वळत नाही, जीभ काय, डोकंही वळत नाही.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. पडदे ओढलेले, उशाशी दिवा, तो कमी-जास्त करायची गोल खुंटी असलेला. बाबा म्हणाले, 'दिवा वाढव.' मी खुंटी फिरवून उजेड मोठा केला. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. 'वाढव म्हणतोय ना!' मी आणखी मोठा केला. पांघरुणाखाली पाय दणकन आपटला. 'अरे गाढवा, बंद कर! वाढव म्हणजे बंद कर. कुठल्या घरात वाढलास तू? तुझी आजी...' पुढचं तोंडातच विरलं.

मी दिवा बंद केला आणि तिथेच उभा राहिलो.

आजी म्हणायची, भरल्या घरात 'संपलं' म्हणू नये. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. मीठ संपत नाही, वाढतं. साबण वाढतो. आपण दोघं किती हसायचो तिला! तू म्हणायचीस, मग परीक्षेतला वेळ वाढला की पेपर काढून का घेतात? मी बाहेर राहून विसरलो. साफ विसरलो. घर विसरलं नव्हतं.

तेल वाढलंय, आई म्हणाली होती. तेल जास्त पडलंय असं नाही, डबा रिकामा झालाय असं. ज्या घरात एक माणूस उकडलेलं खातो, दुसऱ्याला खाणं जात नाही आणि तिसरी चिमणीएवढं जेवते, त्या घरात तेलाचा डबा रिकामा कसा होतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी म्हटलं, कमी कर.

आणि मग दुसरं ऐकू आलं. दारात उभी राहून, हळूच: यांच्या गोळ्या वाढल्यात रे.

मी बाबांचं कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं नीट रचून ठेवलेली, एकावर एक. सगळी रिकामी. घराचे नियम पाळणारी बाई आहे, रिकामं पाकीटही फेकलं नाही तिनं.

बाबांना हाक मारली तर डोळे उघडेनात. गालावर मारलं, चिमटा काढला. मग मी त्यांना उचललं. दोन जिने, लिफ्ट नाही. इतकं वजन घेऊन फिरतो रोज, काल पहिल्यांदा कामाला आलं. उतरताना त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी मोठ्यानं बोलत होतो, बाबा, ब्रेक नका दाबू, येतोय आपण, ब्रेक नका दाबू. शेजारी दारं उघडून बघत होते. मला ते हवेत, ताई. कसेही असोत. त्यांनी काय केलं ते मला माहीत आहे, तरी हवेत.

आत घेतलंय. अजून काही सांगत नाहीत.

४ मार्च

ताई,

बाबा शुद्धीवर आलेत. थोडे. बाकीचं लिहायचं आहे आणि पेन पुढे सरकत नाही.

काल आई डबा घेऊन आली. माझ्यासाठी. झाकण उघडून माझ्यापुढे धरला, जसं काही झालंच नाही. मी म्हटलं, 'आई, गोळ्या का आणल्या नाहीस?'

ती म्हणाली, 'सांगितलं होतं की तुला.'

'मला वाटलं, डॉक्टरांनी डोस वाढवला!'

'डॉक्टरांनी?' तिला खरंच कळेना. 'वाढल्यात म्हटलं मी. तू म्हणालास, बरं झालं.'

तिनं झाकण परत लावलं, हळू, आवाज होऊ नये म्हणून.

'तेल घालत होते, हो. लोणी, साखर, जे मिक्सरमध्ये दिसत नाही ते सगळं. तुझं कापून त्यांना द्यायचं? त्यांनी स्वतःच्या हातानं घालवलं ते? एक पोर त्यांच्यापायी घर सोडून गेली, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्याला टेबलावर झोपवतायत, तेव्हाही वाढत बसू का नुसती? पण चोरी नको वाटली मला. म्हणून सांगितलं, तेल वाढलंय. तू म्हणालास, कमी कर. कमी कर म्हणालास, बंद कर नाही म्हणालास. मग गोळ्या वाढल्या. त्या आणायच्या की नाही, हे मला एकटीला नको होतं ठरवायला. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.' तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'मला वाटलं, आपलं ठरलंय.'

ताई, म्हणून तिनं डोक्यावरून हात फिरवला होता. आणि मी वेडा, जिना उतरताना रडत होतो की आईनं माया केली.

मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडायला हवं होतं. ती शांत होती, झोप झालेल्या माणसासारखी. मला तिची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आईची भीती वाटली, आणि त्याच वेळी भूकही लागली होती, आणि डब्यातून सुटलेला वास इतका चांगला होता की काय सांगू. डबा मी शिपायाला दिला नाही, कुत्र्याला घातला नाही. हॉस्पिटलच्या मोरीत ओतला आणि वर पाणी सोडलं.

आज सकाळी माझी तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पहिल्यापेक्षा जास्त चरबी. 'काय केलंत तुम्ही?' एवढंच विचारलं त्यांनी. बाबांना आता थांबता येणार नाही, आणि माझं घेता येणार नाही. एका वाक्यात सगळं आटपलं.

मग ते म्हणाले, 'मागे विचारलं होतं. पुन्हा विचारतो. आणखी कुणी?'

बाबा आत होते. आई माझ्या शेजारी. या वेळी मी बुटांकडे बघितलं नाही. म्हटलं, 'आहे. मला मोठी बहीण आहे.'

हे तुला न विचारता बोललो, त्याबद्दल काय ती शिवी दे. पण लिव्हर दे, असं मी लिहीत नाहीये. ते मागायचा हक्क मला नाही, बाबांना तर नाहीच. तू नाही म्हणालीस तर मी कुणाला तुझ्याबद्दल ब्र काढू देणार नाही. नुसती बघून गेलीस तरी चालेल. आजच्या आज निघालीस तर बघणं होईल. पत्र पोस्टात टाकत नाही, मावशीच्या हातीच पाठवतोय.

एक सांगतो, त्यात माझं काही नाही. दुपारी बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, 'मागच्या सीटवर कोण बसलंय?' म्हटलं, कुणी नाही बाबा. तर रागावले. 'कुणी नाही कसं? ती होती ना. तिनं बघितलं. ती खोटं बोलत नाही.' मग माझं मनगट धरलं, बोटांत जोर नव्हता, आणि म्हणाले, 'डॉक्टरांना सांग, दोन आहेत.' गुंगीत बोलले असतील. मी तसं समजत नाही.

हे लिहिताना आई समोर बसली होती. तिनं विचारलं, ताईला लिहितोयस का. मी हो म्हटलं. ती चिडली नाही. तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला.

'बोलाव तिला,' म्हणाली. 'सरळ घरीच ये म्हणावं, हॉस्पिटलात नंतर. किती वर्षं झाली, माझ्या हातचं जेवली नाही पोर. सूप तिला आवडायचं नाही. तिच्यासाठी मी वेगळं काहीतरी नीट करीन.' आणि लगेच उठली. दुकानात जाऊन येते, म्हणाली, घरातलं तेल वाढलंय.

ये, ताई. सरळ इथे ये, तळमजल्यावर मी उभा असेन, लांबूनही दिसेन. घरी जाऊ नकोस.

आणि येताना जेवून ये.

पिंप